एकाच फोल्डरमध्ये साचलेली साइट आवरायची कशी?

साध्या एचटीएमएलची साइट, चाळीसेक पानं, फोटो, सीएसएस (पानांची सजावट ठरवणाऱ्या फाइली), सगळं एकाच फोल्डरमध्ये, आणि आता ते नीट लावायचंय, असा तुमचा प्रश्न आहे. मीही यातून गेलोय.

आधी एक लक्षात घ्या. अशा साइटमध्ये फाइल जिथे ठेवली तोच तिचा पत्ता. पान हलवलं की लोकांनी सेव्ह केलेल्या लिंक मेल्याच. त्यामुळे सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि फोटो बिनधास्त हलवा, पानं मात्र जपून.

पहिल्या तिघांसाठी तीन फोल्डर केले की निम्मं काम झालं. फक्त सीएसएसमध्ये बॅकग्राउंडसाठी दिलेले फोटो तपासा. तिथला पाथ, म्हणजे फाइलपर्यंतचा रस्ता, पानापासून नाही, सीएसएसच्या फाइलपासून मोजला जातो, म्हणून ती हलवली की ते फोटो गायब होतात. एचटीएमएलमधले पाथ मी स्लॅशने सुरू करतो. मग पान कितीही आतल्या फोल्डरमध्ये गेलं तरी लोगो सापडतो. मात्र फाइलवर डबल क्लिक करून पान उघडलं तर हे पाथ चालत नाहीत. तपासायला व्हीएस कोड या एडिटरमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेंशन वापरा, ते तुमच्याच कॉम्प्युटरवर छोटा सर्व्हर चालवतं.

नावांबाबत मी हट्टी आहे: सगळी अक्षरं स्मॉल, स्पेस नाही, शब्दांमध्ये हायफन. एकदा माझ्या विंडोज लॅपटॉपवर सगळे फोटो छान दिसत होते, अपलोड केल्यावर निम्मे गुल. तासभर कोड चाळला. शेवटी कळलं की कॅमेऱ्याने फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग कॅपिटलमध्ये दिला होता आणि मी कोडमध्ये तो स्मॉलमध्ये लिहिला होता. विंडोजला दोन्ही सारखंच, लिनक्स सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली.

मराठीत नाव द्यावं का? चालतं. पण लिंक कॉपी केली की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची (अनुस्वार, हलन्तही वेगळे धरून) टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. 'संपर्क' एवढ्याशा शब्दाची चोपन्न! मी रोमन लिपीतच नावं देतो.

आता पानं. विषय खरोखर वेगळे असतील तरच फोल्डर करा, चाळीस पानांना तीन-चार पुरेत. फोल्डरमध्ये फोल्डर घालत बसू नका, महिन्याभराने तुम्हालाच सापडणार नाही. जे पान हलवाल त्याच्या जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. अपाचे सर्व्हर असेल तर एचटीअॅक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये पानामागे एक ओळ लागते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ पासून सांगतायत की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि आपण दर दिवाळीच्या साफसफाईसारखे ते बदलत असतो.

आणि हो, जुन्या प्रती. पानांच्या 'जुनं', 'जुनं-२' अशा कॉप्या, बॅकअपच्या झिप फाइली सर्व्हरच्या पब्लिक फोल्डरमध्ये ठेवू नका. त्यांची लिंक कुठेच नसली तरी नावाचा अंदाज बांधून कुणीही उघडू शकतं. एका साइटवर मला अशीच झिप सापडली होती, आत डेटाबेसचा पासवर्ड. ती साइट माझीच होती. जुन्या आवृत्त्यांसाठी गिट हे बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा, आणि ते या नोंदी ज्यात ठेवतं ते डॉट गिट फोल्डरही अपलोड होऊ देऊ नका.