मधपेट्या कुणाच्या हाती देऊ?

"मावशी, ह्यांच्या माघारी चाळीस मधपेट्या मी एकटीने सांभाळल्या. आता कंबर साथ देत नाही आणि मुलीला यात रस नाही. एक व्यापारी एकरकमी पैसे देऊन लेबलावरच्या नावासकट सगळं घ्यायला तयार आहे. माझ्या हाताखाली शिकलेला मुलगाही घेतो म्हणतो, पण हप्त्यांनी. विकायचा विचार आला तरी ह्यांचा विश्वासघात करतेय असं वाटतं. काय करू?"
– साठीतली मधपाळ

ताई, विश्वासघाताचं आधी बोलते, कारण व्यवहाराचा निर्णय त्यापाशीच अडलाय. भरलेली मधकोठी, म्हणजे पेटीतला मधाचा वरचा कप्पा, सहज वीस-पंचवीस किलोची होते. दुखऱ्या कंबरेने ती उचलत राहाल ही अपेक्षा तुमच्या यजमानांनीही केली नसती. शिवाय तपासणी लांबली की माशा उठून जातात, रोग उशिरा कळतो. आज ज्या वसाहती भरलेल्या आहेत, त्या भरलेल्या असतानाच विकणं हे त्यांच्याही भल्याचं आहे. मुलीलाही बोल लावू नका.

आता गिऱ्हाईक. व्यापाऱ्याला नाव देऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. त्या नावाखाली उद्या तो कुठलाही मध भरेल आणि लोक तुमच्या भरवशावर घेतील. पेट्या, धुराडं, मध काढायचं यंत्र हवं असेल तर त्याने ते जरूर घ्यावं. पण माझा कल त्या मुलाकडे आहे. चाळीस पेट्यांची खरी किंमत लाकडात नसतेच. कुठल्या बागेत फुलोरा कधी येतो, कोण कधी फवारणी करतं, कुणाच्या बांधावर पेट्या ठेवू देतात, हे त्याला ठाऊक आहे. अशा जागा बहुतेक तोंडी बोलीवर मिळालेल्या असतात. त्या विकता येत नाहीत, ओळख तेवढी करून देता येते. तुम्ही एक अख्खा हंगाम त्याच्यासोबत फिरा, मात्र त्याचा मोबदला वेगळा ठरवा. इतक्या वर्षांचं ज्ञान फुकट देऊ नका.

माया आहे म्हणून कागद टाळू नका. पहिली रक्कम किती, हप्ता चुकला तर काय, शेवटच्या हप्त्यापर्यंत मालकी कुणाची, मधेच वसाहत मेली तर नुकसान कुणाचं, सगळं लिहून घ्या. मोजणी फुलोऱ्याच्या सुरुवातीला, दोघांनी मिळून, प्रत्येक पेटी उघडून करा. अंडी घालणारी राणी आणि पिलाव्याच्या, म्हणजे वाढत्या अळ्या-कोषांच्या, चौकटी डोळ्यांनी पाहा. ऐन हंगामात कामकरी माशी जेमतेम सहा आठवडे जगते. म्हणून आजची गर्दी पाहून दोन महिन्यांनंतरची हमी कुणीच देऊ नये.

पिलाव्याची झाकणं खचलेली, भोकं पडलेली दिसली, कुबट वास आला तर काडेपेटीची काडी आत घालून हळूच ओढा. चिकट तपकिरी तार निघाली तर फाउलब्रूड या पिलाव्याच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्या आणि लगेच जाणकाराला बोलवा. त्याचे बीजाणू लाकडात चाळीस वर्षंसुद्धा टिकतात, म्हणून रिकाम्या जुन्या पेट्यांचाही इतिहास घेणाऱ्याला सांगायलाच हवा. भाव पडला तरी चालेल.

त्या मुलाची पेट्या ठेवायची नवी जागा पाच किलोमीटरच्या आत असेल तर बाहेर जाणाऱ्या माशा जुन्या ठिकाणी परत येतील. आधी काही आठवडे पेट्या लांब नेऊन ठेवाव्या लागतील. सगळ्या माशा आत आल्यावर, रात्री दारं बंद करूनच हलवा.

एक-दोन पेट्या स्वतःसाठी ठेवायचं मनात असेल तर त्या आजच यादीतून वगळा. एकदा सौदा झाल्यावर परत मागणं जिवावर येतं. आधी मुलाशी बोला, मग व्यापाऱ्याला कळवा.