रेडिओ दीर्घिका कोट्यवधी वर्षं जगतात, मग त्यांचं जन्म-मरण आपल्याला कळतं कसं?

तुम्ही विचारलंय की माणसाच्या आयुष्यात एखादी रेडिओ दीर्घिका म्हातारी होताना दिसणं शक्य नाही, तर शास्त्रज्ञ तिचं वय कशावरून सांगतात आणि त्यासाठी कमी वारंवारतेची दुर्बीणच का लागते. मी काही वर्षं पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम केलं आहे. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेडिओ दीर्घिका म्हणजे रेडिओ लहरींत ठळक चमकणारी दीर्घिका. तिच्या केंद्रातलं कृष्णविवर भोवतीचा वायू गिळत असताना त्याच्या जवळून दोन विरुद्ध दिशांना झोत सुटतात. ते दीर्घिकेबाहेर लाखो प्रकाशवर्षं जातात आणि तिथल्या विरळ वायूवर आदळतात. आदळण्याच्या जागी हॉटस्पॉट म्हणजे तेजस्वी ठिपका तयार होतो आणि तिथून मागे पसरलेल्या द्रव्याचा लोब होतो. सिग्नस ए ही रेडिओ दीर्घिका याचं सगळ्यात ठळक उदाहरण. तिचे दोन भाग वेगळे आहेत हे 1953 मध्ये जेनिसन आणि दासगुप्ता यांनी दाखवलं. हे दासगुप्ता म्हणजे कोलकात्याचे मृणालकुमार दासगुप्ता. त्यांचं नाव आपल्याकडे अजून फारसं घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

लोबमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. जास्त ऊर्जेचा इलेक्ट्रॉन जास्त वारंवारतेवर चमकतो, पण त्याची ऊर्जा दुप्पट असेल तर ती चौपट वेगाने खर्च होते. उधळ्या श्रीमंतासारखं आहे हे: ज्याच्याकडे जास्त, तोच आधी कफल्लक होतो. त्यामुळे लोबला नवा पुरवठा थांबला की आधी जास्त वारंवारतेची चमक जाते, मग हळूहळू त्याखालची. वर्णपट, म्हणजे कुठल्या वारंवारतेवर किती चमक आहे याचा आलेख, कुठल्या वारंवारतेपासून खाली कोसळतो ते मोजलं की इलेक्ट्रॉन किती जुने आहेत याचा हिशेब मांडता येतो.

आकडेच द्यायचे तर, आपल्या जवळच्या विश्वातल्या एखाद्या लोबचं चुंबकीय क्षेत्र 5 मायक्रोगॉस धरा. 1400 मेगाहर्ट्झवर चमकणारे इलेक्ट्रॉन त्यात साधारण 8 कोटी वर्षं टिकतात, तर 150 मेगाहर्ट्झवर चमकणारे 25 कोटी वर्षांच्या आसपास. म्हणजे कमी वारंवारतेवर पाहिलं की त्याच लोबचा तिप्पट जुना इतिहास हाती लागतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे.

मात्र या वयावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. चुंबकीय क्षेत्र बहुतेक वेळा थेट मोजलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं. शिवाय लोबमध्ये जुनं-नवं द्रव्य मिसळत राहतं. लोब पसरण्याच्या वेगावरून काढलेलं वय वर्णपटावरून काढलेल्या वयापेक्षा अनेकदा काही पटींनी जास्त निघतं. म्हणून वयाचा आकडा मी नेहमी अंदाज म्हणूनच वाचतो.

मरण कसं ओळखतात? झोत बंद पडला की हॉटस्पॉट विझतात आणि उरतात ते कडा नसलेले, धूसर लोब. बी2 0924+30 ही अशी विझलेली दीर्घिका. नेस्ट200047 नावाच्या दीर्घिका-समूहात तर लोफार या नेदरलँड्समध्ये केंद्र असलेल्या दुर्बिणीला एकाच कृष्णविवराने वेगवेगळ्या काळी सोडलेल्या बुडबुड्यांच्या पिढ्या दिसल्या. त्यातल्या सर्वांत जुन्या पिढीचं वय 20 कोटी वर्षांच्या घरात आहे.

गंमत अशी की अशा विझलेल्या दीर्घिका फार सापडत नाहीत. काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यांतही त्यांचं प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास येतं. याचा एक अर्थ, लोब पसरत पसरत पटकन दिसेनासे होतात. दुसरा अर्थ, त्या पुन्हा जाग्या होतात. दूरच्या दीर्घिकांना आणखी एक फटका बसतो: विश्वातल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीशी, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाशी, टकरा होऊनही इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात आणि ती पार्श्वभूमी पूर्वी कितीतरी दाट होती. ताम्रसृती (विश्व पसरल्यामुळे प्रकाश किती ताणला गेला याचं माप) 1 वर तिची ऊर्जाघनता आजच्या सोळापट भरते.

पुन्हा जागं होण्याचा पुरावा मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. काही दीर्घिकांत बाहेरच्या जुन्या लोबच्या जोडीच्या आत, बहुधा त्याच रेषेवर, ताज्या लोबची दुसरी जोडी दिसते. यांना डबल-डबल म्हणतात. मधली झोप काही लाख ते काही कोटी वर्षांची असू शकते. बी0925+420 मध्ये तर तीन जोड्या आहेत, म्हणजे कृष्णविवराचं इंजिन निदान तीनदा सुरू झालं. ते नेमकं का थांबतं आणि वायूचा पुरवठा पुन्हा कसा सुरू होतो, यावर अजून एकमत नाही.

तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतकाला मात्र अपवाद आहे. नवजात दीर्घिकांमध्ये बदल खरोखर दिसतो! काहींचे हॉटस्पॉट वर्षानुवर्षांच्या अतिसूक्ष्म निरीक्षणांत एकमेकांपासून दूर सरकताना मोजले गेले आहेत. तो वेग मागे नेला की वय निघतं जेमतेम हजार-दोन हजार वर्षं.

कमी वारंवारतेवर अडचणीही कमी नाहीत. 150 मेगाहर्ट्झला तरंगलांबी 2 मीटर, त्यामुळे बारीक तपशील हवा तर अँटेना लांबलांब ठेवाव्या लागतात. म्हणूनच जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना 25 किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. तरंगलांबी मोठी असल्याने डिश जाळीची करता आली, खर्च वाचला आणि वाराही आरपार जातो. जीएमआरटीचे जनक गोविंद स्वरूप यांच्या या कल्पकतेबद्दल मला कायम आदर वाटतो. पण आयनमंडळ, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, प्रतिमा हलवतं आणि विजेच्या तारांतल्या ठिणग्यांपासून उपग्रहांपर्यंत सगळा गोंगाट याच पट्ट्यात येतो. निरीक्षणापेक्षा साफसफाईलाच जास्त वेळ जातो.

तुम्हाला स्वतः पाहायचं असेल तर जीएमआरटीच्या 150 मेगाहर्ट्झ सर्वेक्षणाच्या, म्हणजे टीजीएसएसच्या, प्रतिमा सगळ्यांना खुल्या आहेत. त्यात 6 लाखांहून जास्त स्रोत आहेत. रॅड ॲट होम या भारतीय उपक्रमात विज्ञान शाखेचे विद्यार्थी अशाच प्रतिमांमधून विचित्र दीर्घिका शोधतात. सुरुवात करताना दोन लोबच्या आत आणखी दोन ठिपके दिसतात का, तेवढंच बघा.