मुलीचं मराठी अडखळतं, नर्सिंगला पाठवू का?

प्रश्न : सिस्टर, आम्ही पद्मशाली. मी यंत्रमागावर आहे, घरची विड्या वळते. घरात तेलुगूच चालतं. मुलगी बारावी सायन्सला आहे, नर्सिंगला जायचं म्हणते. पण तिचं मराठी अडखळतं. पाहुणे म्हणतात, दवाखान्यात हिचं कसं निभणार? काय करावं?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : भाऊ, तिला जरूर पाठवा. आपल्या सोलापूरच्या वॉर्डांत अशाच मुली कमी पडतात.

पूर्व भागातली एक बाई अंगावरून लाल जातंय म्हणून आली होती. तिला मराठी येईना, आम्हाला तेलुगू. शेवटी तिच्या शाळकरी पोरालाच मध्ये घालून विचारलं, पाळी कधी आली, किती जातं. पोरगा मान खाली घालून उभा, आई सगळ्याला ‘काही नाही’ म्हणते. दुपारच्या ड्यूटीला तेलुगू बोलणारी एक विद्यार्थिनी आली, पोराला बाहेर पाठवून खाटेशी बसली. तेव्हा कुठे बाईने सांगितलं की दिवस गेले होते, घरीच गोळ्या खाल्ल्या. उपचारांची दिशाच बदलली.

नुसत्या भाषेचाही प्रश्न नाही हा. अमेरिकेत ऑकलंड शहरात कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास झाला. डॉक्टरचा नुसता फोटो दाखवला तेव्हा फारसा फरक पडला नाही. पण कृष्णवर्णीय डॉक्टर समोर बसून बोलला, तेव्हा शुगर, कोलेस्टेरॉल तपासायला जास्त जण तयार झाले. आपल्याकडेही विडीवाली बाई खोकला लपवते, ओळखीच्या गल्लीतल्या पोरीपुढे नाही लपवत. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, तरी त्या लोकांना जिथे डांबून ठेवत त्या सेटलमेंट भागातल्या मुली मला सिस्टरच्या गणवेशात फार थोड्या दिसल्या. ही खंत आजही आहे.

मराठी वॉर्डात आपोआप सुटतं, त्याची काळजी नको. इंग्रजी मात्र पक्कं करून घ्या, पुस्तकं त्यातच आहेत. आणि एक तिला आधीच सांगून ठेवा : दुभाषी म्हणून तिला सगळ्या वॉर्डांतून बोलावणं येईल. पेशंटसाठी जावंच, पण तिच्या वाटचं काम इन्चार्जने दुसरीला द्यायला हवं, हे तिने स्पष्ट मागावं.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, ३ वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी ४ वर्षांची. तुम्ही एसबीसीत, म्हणजे विशेष मागास प्रवर्गात येता. राखीव जागेसाठी लागणाऱ्या जातवैधतेला, म्हणजे जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला, वेळ लागतो, तेव्हा तुमचा आणि आजोबांचा शाळेचा दाखला आजच शोधायला घ्या.