कोणतं पिंपळगाव? आमचंच की!

*मावशी, मी जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षात 112 च्या डिस्पॅचवर आहे, म्हणजे मदतीचा कॉल आला की गाडी मी पाठवते. शेततळ्यात पोरगा पडल्याचा कॉल आला. स्क्रीनवर नुसतं 'पिंपळगाव' (नाव बदललंय). टॉवरचं लोकेशन बुद्रुक आणि खुर्दच्या मधोमध. मी फोन करणाऱ्याला परत लावला, विचारलं, "कोणतं पिंपळगाव?" तो म्हणाला, "आमचंच की ताई, लवकर या!" आणि फोन कट. ठाण्यापासून खुर्द अठरा किलोमीटर. मी गाडी बुद्रुकला पाठवली. वळून यायला वीस मिनिटं जास्त लागली. पोरगा नऊ वर्षांचा होता, गेला. साहेब काही बोलले नाहीत. नवरा म्हणतो, खुर्चीत बसून फोन तर घ्यायचा. दीड महिना झाला, झोप नाही. लेकाच्या शाळेतून फोन आला तरी हात कापतो. बदली मागू का? त्या माउलीच्या पाया पडून येऊ का?*
*– एक अंमलदार, परभणी जिल्हा*

लेकी,

"तुझी काही चूक नाही" असं लिहून मोकळी होणार होते. पण ते तुला पटणार नाही, आणि पुरतं खरंही नाही. गाडी चुकीच्या गावाला गेली, ती तुझ्या हातून. पोरगा मात्र तुझ्या हातून गेलेला नाही. तू दोन्हीची एकच गाठ मारून बसलीस.

आधी पोराचं. शेततळं तू पाहिलंयस. उतारावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणाराही कडेला येऊन घसरतो. पाण्याखाली श्वास थांबला की चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. अठरा किलोमीटर, तेही आपल्या रस्त्यांनी! गाडी सरळ खुर्दलाच गेली असती तर किती मिनिटांत पोचली असती, हे मी सांगायला नको. त्याला वाचवू शकलं असतं ते काठाला बांधलेला दोर, नाहीतर हवा भरलेली ट्यूब. सरकारी अनुदानाच्या तळ्यावरसुद्धा ती दिसत नाही, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो.

आता चुकीचं. आपल्याकडे गावातला माणूस आपल्या गावाला कधी 'खुर्द' म्हणतो का? खुर्द-बुद्रुक सातबाऱ्यावर. बोलण्यात 'देवीचं', 'नदीपल्याडचं', 'तांड्याजवळचं'. कॉल उचलला जातो नवी मुंबईत महापेला, नाहीतर नागपुरात. तिथल्या पोरीला तुझ्या जिल्ह्यात पिंपळगावं किती, हे कुठून ठाऊक असणार? म्हणजे गाव ओळखायची शेवटची चाळण तू. घाबरलेल्या माणसाला 'कोणतं?' विचारलं की तो 'आमचंच' म्हणणार, त्याच्यापुरतं ते बरोबरच असतं. त्यापेक्षा विचार, "बाजाराला कुठं जाता? बाजूचं गाव कोणतं?" बाजाराचं गाव माणूस झोपेतही सांगतो. आणि तरी शंका राहिली तर गाडी निघाल्याबरोबर दोन्ही गावच्या पोलीस पाटलांना फोन. गाडी फाट्यावर असेल तोवर पाटील तळ्यावर असतो.

जिल्ह्यातल्या जोडनावांच्या गावांची यादी काढ. पुढं बोलीतलं नाव, बाजाराचं गाव, पाटलाचा नंबर. साहेबांना दाखव, तुझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटव. रात्रपाळीला नवीन पोरगं बसलं तरी त्याला दिसेल.

माझंही एक सांगते. मी परभणीला ट्रंक ऑपरेटर होते, परगावचे फोन जोडून द्यायचे. 30 सप्टेंबर 1993, रात्रपाळी. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपलेले, आणि चार वाजायच्या आत जमीन हलली. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूरचे कॉल मागणाऱ्यांची रीघ लागली. एक म्हातारे दर अर्ध्या तासाला यायचे, "लागतो का हो बाई?" पलीकडं घंटीच जात नव्हती. दुपारी माझी पाळी संपली. त्यांचं माणूस सापडलं की नाही, आजवर मला माहीत नाही. कितीतरी वर्षं मी तो नंबर मनातल्या मनात फिरवत होते.

म्हणून सांगते, तुझ्या कामाची खोड ओळख. वाईट झालं की ते तुझ्यापर्यंत येतं. नीट झालं की इव्हेंट बंद होतो, स्क्रीनवर पुढचा. आठवड्यातून एकदा गाडीवरच्या अंमलदाराला विचार, "त्या दिवशी रानात अडकलेल्या म्हातारीचं काय झालं हो?" ती घरी जाऊन भाकरी थापत असेल, तर ते कळायचा तुझाही हक्क आहे.

नवऱ्याला ड्यूटी समजावत बसू नकोस. गावाचं नाव न घेता तो एकच कॉल सांग, 'आमचंच की ताई' सकट. माणूस असेल तर गप्प बसेल. नसेल तर मला परत लिही, मग वेगळं बोलू.

झोपेचं मात्र अंगावर काढू नकोस. दीड महिना म्हणजे पुष्कळ झालं. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेट. आधी नुसतं बोलावंसं वाटलं तर 14416, टेली-मानस. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पोलीस असून कसं सांगू, हा विचार मनात येईल. येऊ दे, तरी लाव.

बदलीचा अर्ज इतक्यात लिहू नकोस. न झोपलेल्या डोक्यानं घेतलेले निर्णय मी माझ्या संसारात दोन घेतले, दोन्ही महागात पडले. सध्या महिनाभर रात्रपाळी नको एवढंच माग. झोप लागायला लागली की मग ठरव, आणि तेव्हा जावंसं वाटलं तर खुशाल जा.

राहिली ती माउली. जाऊ नकोस गं. तू पाया पडलीस तर ती तुला उठवेल, पाणी देईल, तुझे डोळे पुसेल. दीड महिन्यापूर्वी लेक गमावलेल्या बाईला आणखी एकीची समजूत काढायला लावू नकोस. अगदीच राहवलं नाही तर त्या गावच्या पाटलाला फोन कर आणि विचार, तळ्याला दोर बांधला का.

तुझी,
मावशी