घरच्या शाळेचं वर्ष आखताना: आधी आठवडे मोजा, मग तासिका

पत्र: माझी मुलगी ८ वर्षांची आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरी झाली. मुलगा साडेपाच वर्षांचा. यजमानांची दर दीड-दोन वर्षांनी राज्यातच बदली होते, म्हणून या जूनपासून दोघांना घरीच शिकवायचं ठरवलं आहे. सकाळी ८ ते १ असं सहा तासिकांचं वेळापत्रक केलंय. ते योग्य आहे का? आणि पुढे दहावी-बारावीला, मेडिकल-इंजिनिअरिंगला मुलांचं कुठे अडेल का? – एक आई, सांगली जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं वेळापत्रक मन लावून केलेलं आहे, पण ते बाजूला ठेवा. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास धरले आहेत, म्हणजे रोजचे चार तास. पण तो हिशेब भरलेल्या वर्गाचा आहे. हजेरी, वह्या तपासणं, सगळ्यांना शांत करणं, हे सारं त्यात येतं. एका आईसमोर एक मूल असताना आठ वर्षांच्या मुलीला बसून करायचं काम दीड ते दोन तास पुरतं, तेही दोन बैठकांत. मुलाला १५-२० मिनिटांच्या दोन बैठका पुष्कळ झाल्या. पाच तासांचं वेळापत्रक लावलेली घरं बहुतेक वेळा दिवाळीपर्यंत थकतात. मग आईला वाटतं मुलं ऐकत नाहीत, आणि मुलांना वाटतं अभ्यास म्हणजे ओरडा.

आधी आठवडे मोजा. १५ जून ते एप्रिलअखेर सुमारे ४५ आठवडे होतात. गणपतीचा एक, दिवाळीचे दोन, लग्नकार्यं आणि पाहुण्यांचे दोन, तापखोकल्याचे दोन असे सात वजा केले की ३८ उरतात. पाच आठवडे काम आणि सहावा मोकळा, असं धरलं तर प्रत्यक्ष शिकवण्याचे ३२ आठवडे हाती येतात. सहावा आठवडा राहिलेलं पुरं करण्यासाठी आणि पुढचं साहित्य जमवण्यासाठी असतो, त्यात नवा पाठ घेऊ नका. आठवड्यात चार दिवस धरा. पाचवा दिवस बाजार, बँक, शेत, वाचनालय यांना द्या. तुमची बदली मध्येच आली तर हेच मोकळे दिवस कामी येतील.

रोज फक्त दोनच गोष्टी चुकवायच्या नाहीत: वाचन आणि संख्या. बाकी सगळं आठवड्याच्या हिशेबानं चालतं.

मुलाला वर्णमालेच्या क्रमानं अक्षरं शिकवू नका. क ख ग घ ङ घोकून एकही वाक्य वाचता येत नाही. पहिले सहा आठवडे पाटी-पेन्सिल नकोच. गोष्टी, बडबडगीतं, आणि ‘मामा, माती, मासा यांत पहिला आवाज कोणता?’ असले खेळ घ्या. मग क, म, ल, न, र आणि काना एवढंच घ्या. तेवढ्यावर कमल, काम, कान, नाक, लाल, मामा, मला हे शब्द तयार होतात, आणि आपण वाचतोय हे मुलाला पहिल्याच पंधरवड्यात कळतं. पुढे दर दोन-तीन आठवड्यांनी चार-पाच अक्षरं आणि लागेल तशी एखादी मात्रा. घ-ध, भ-म, प-ष या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. त्यातून झालेला घोटाळा महिनोन् महिने पुसला जात नाही. जोडाक्षरं पुढच्या वर्षी. एप्रिलपर्यंत चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता आलं तर मुलगा ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमातल्या पहिलीच्या लक्ष्याला पोचला, आणि तो तर तेव्हा साडेसहाच्या आसपासच असेल.

मुलीचं तिसरीचं लक्ष्य त्याच कार्यक्रमात स्पष्ट दिलं आहे: अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगानं समजून वाचणं आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या. महिन्यातून एकदा न वाचलेला उतारा द्या, एक मिनिट घड्याळ लावा, बरोबर वाचलेले शब्द मोजा आणि लगेच दोन प्रश्न विचारा. वेग आहे पण उत्तर नाही, असं झालं तर उतारा सोपा करा. रोज घड्याळ लावू नका. मूल घाईनं शब्द गिळायला शिकतं.

संख्यांमध्ये मराठी मुलांच्या चुका ठरलेल्या असतात. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतो म्हणून ५२ लिहिलं जातं. ‘एकोणपन्नास’चे ५९ होतात. ‘तीनशे पाच’ ऐकून ३००५ लिहितात. यावर दहा वेळा लिहून घेणं हा उपाय नव्हे. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधा, नंतर १००, १० आणि १ रुपयाच्या खोट्या नोटा करा. ५०३ मधून १४८ वजा करताना दहाची नोट मुळी नाहीच, म्हणून आधी शंभराची एक मोडून दहाच्या दहा घ्यायच्या आणि मग त्यातली एक मोडून सुटे करायचे. हे हातानं आठ-दहा वेळा झालं की ‘हातचा’ कागदावर आपोआप समजतो. पाढे पाठ हवेतच, पण चार ओळींत सहा-सहा चिंचोके मांडून झाल्यानंतर.

परिसर अभ्यासाला एक विषय चार आठवडे चालवा, आणि दोन्ही मुलांना एकत्रच घ्या. जुलैत पाऊस घेतलात तर सरळ बाजूंची काचेची बरणी उघड्यावर ठेवा, रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीनं मिलिमीटर मोजा आणि मुलीला स्तंभालेख काढू द्या. निमुळती बाटली घेतली तर आकडा चुकतो. का चुकतो, हा प्रश्न मुलीलाच विचारा, त्यावर एक पूर्ण सकाळ छान जाते. इंग्रजी यंदा कानावर पडू द्या: रोज दहा मिनिटं गाणी, सूचना, चित्रांवरच्या गप्पा. पुस्तकांवर फार खर्च करू नका. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी पायरीनुसार लावलेल्या आहेत.

आता दारं बंद होण्याबद्दल. शिक्षण हक्क कायद्यातलं कलम १० पालकांवर ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत घालण्याचं कर्तव्य टाकतं, पण पालकांना दंड सांगत नाही. घरच्या शिक्षणाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, म्हणून परतीची वाट मोकळी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे अ, ब आणि क स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे आहेत. तिथेच वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यावर माध्यमिक म्हणजे दहावीच्या परीक्षेला नाव नोंदवता येतं. तिथल्या बारावीला विज्ञानाचे योग्य विषय घेतले की पुढच्या प्रवेशांना ती चालते. हा निर्णय सातवीच्या वयात घ्या, आज नको. एक तोटा मात्र आताच लक्षात घ्या: शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरले जातात.

तुमचं कुटुंब आरक्षित प्रवर्गातलं असेल तर मुलाबाबत माझं मत वेगळं आहे. जात पडताळणीच्या वेळी अर्जदाराच्या स्वतःच्या प्राथमिक शाळेची नोंद मागतात. मुलीची नोंद झालेली आहे. मुलाला सहा पूर्ण झाल्यावर निदान पहिलीचं एक वर्ष जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला. पुढे कचेऱ्यांचे हेलपाटे वाचतील. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घेताना नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि जात जन्मदाखल्याशी व घरच्या जुन्या कागदांशी ताडून पाहा, आणि ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदणीतला तिचा क्रमांकही लिहून घ्या. चूक असेल तर मुख्याध्यापकांकडून आताच दुरुस्त करून घ्या, नंतर ते फार अवघड जातं.

प्रत्येक मुलाची एक फाइल करा: महिन्याला तारीख घातलेले चार कागद, वाचलेल्या पुस्तकांची यादी, आणि जून, ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिलमध्ये फोनवर ध्वनिमुद्रित केलेलं दोन मिनिटांचं वाचन. मध्येच शाळेत घालायची वेळ आली तर शिक्षकांना मूल कुठे आहे ते दहा मिनिटांत कळेल. पहिलं वाचन १५ जूनच्या आधीच घ्या, आणि मुलगी जिथे अडखळेल त्याच्या एक पायरी मागून सुरुवात करा.