मशीन लर्निंगने पार्किन्सनचं निदान होऊ शकतं का? माझ्या मॉडेलची अचूकता ९८ टक्के आली आहे.

तुम्ही लिहिलंय की ऑक्सफर्डचा आवाजाचा सार्वजनिक डेटा घेतला, मॉडेलला ९८ टक्के अचूकता मिळाली, आता ते दवाखान्यात वापरता येईल का. मी हालचालींच्या विकारांचे सिग्नल तपासायचं काम करते. म्हणून आधी विचारते: ट्रेनिंग (ज्यावरून मॉडेल शिकतं) आणि टेस्ट (ज्यावर ते तपासतात) असे डेटाचे भाग पाडताना रेकॉर्डिंग वेगळी केलीत की माणसं?

कारण त्या डेटात रेकॉर्डिंग १९५ असली तरी माणसं ३१ च आहेत, त्यांतली २३ पार्किन्सनची. प्रत्येकाची साधारण सहा रेकॉर्डिंग. सरसकट भाग पाडले तर एकाच माणसाची चार इकडे आणि दोन तिकडे जातात, आणि मॉडेल आजार शिकण्याऐवजी त्या माणसाचा आवाज पाठ करतं. शिवाय डोळे मिटून सगळ्यांना ‘पार्किन्सन’ म्हटलं तरी अचूकता ७५ टक्के भरते! पहिल्याच रकान्यात कोणतं रेकॉर्डिंग कोणाचं ते कळतं. त्यावरून पूर्ण माणूसच बाजूला काढा आणि पुन्हा चालवा.

आता यापेक्षा मोठी अडचण. निरोगी माणूस आणि पार्किन्सनचा रुग्ण यांतला फरक सांगायला न्यूरॉलॉजिस्टना तुमची फारशी गरज नसते. त्यांच्यासमोर हात थरथरणारा माणूस बसलेला असतो. हे पार्किन्सन, इसेन्शियल ट्रेमर (कंपाचाच दुसरा एक आजार), की एखाद्या औषधाचा परिणाम, हे त्यांना ठरवायचं असतं. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ असताना दिसतो, सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा. पण इसेन्शियल ट्रेमरची गतीही त्याच पट्ट्यात येऊ शकते, त्यामुळे नुसत्या गतीवर भिस्त ठेवता येत नाही. हात समोर ताणून धरायला सांगितलं की इसेन्शियल ट्रेमर लगेच सुरू होतो. पार्किन्सनमध्ये अनेकदा हात आधी शांत होतो आणि काही सेकंदांनी कंप परत येतो. ही मधली शांतता फार मोलाची. आणि आपण काय करतो? सिग्नलचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून ते पिसून टाकतो.

मला मशीनचा खरा उपयोग मोजमापात दिसतो. अंगठा आणि तर्जनी दहा वेळा झपझप टेकवायला लावतात. पार्किन्सनमध्ये पहिल्या दोन-तीन वेळा बोटं छान फाकतात, मग अंतर आक्रसत जातं, मध्येच बोट अडकतं. डॉक्टर हे डोळ्यांनी पाहून ० ते ४ गुण देतात, त्यामुळे दोन डॉक्टरांचे गुण वेगळे येऊ शकतात. साध्या व्हिडिओवरून मॉडेल प्रत्येक वेळचं अंतर मोजून देतं. मनगटावरचा सेन्सर तर लेव्होडोपाचा (पार्किन्सनवरच्या मुख्य औषधाचा) असर दिवसात केव्हा उतरतो हेही दाखवू शकतो. पंधरा मिनिटांच्या भेटीत हे कसं दिसणार?

एक राहिलं. तुमच्या डेटातलं ‘पार्किन्सन’ हे लेबल म्हणजे डॉक्टरांचं मत आहे. पक्की खात्री मृत्यूनंतर मेंदूच्या तपासणीतच होते, आणि आजाराच्या सुरुवातीच्या काळात तज्ज्ञही चुकतात.

माणसांनुसार भाग पाडल्यावर जो आकडा येईल तो इथेच लिहा, कितीही खाली आला तरी. पुढचं मी नक्की सांगेन. तोवर मात्र घरातल्या कोणाच्या आवाजावर हे मॉडेल चालवून त्यांना निकाल सांगू नका.