कायद्यात ॲबडक्शन म्हणजे पळवून नेणं, मग डॉक्टर खांद्याचं ॲबडक्शन का लिहितात?

लिहितात, कारण शब्द मुळात गुन्ह्याचा नाहीच. लॅटिनमध्ये 'ॲब' म्हणजे पासून आणि 'ड्युसेरे' म्हणजे नेणं. दूर नेणं, बस. कायद्याने त्यात माणूस घातला, आम्ही हात-पाय. मी 19 वर्षं फिजिओथेरपी करतेय आणि याच शब्दावरून माझं नि माझ्या सख्ख्या भावाचं वाजलेलं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

दादा वकील, अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवतो. त्याचा एक अशील रंगारी होता. स्कूटरवरून पडून उजव्या खांद्यातला सुप्रास्पायनेटस फाटलेला. एवढासा स्नायू, पण हात अंगापासून सुटायची पहिली 15 अंशांची सुरुवात तो करून देतो, पुढचं ओझं डेल्टॉइड घेतो, असं आम्हाला शिकवलं. या माणसाला हात बाजूने वर घ्या म्हटलं की तो आधी कमरेतून उजवीकडे झुकायचा, हात आपसूक लोंबून अंगापासून सुटला की तिथून रेटायचा, आणि 80 अंशांवर खांदा कानाला भिडायचा. धडधाकट माणसाचा हात 180 पर्यंत जातो. छताला ब्रश कसा लावणार हा?

मी कागदावर लिहिलं: उजव्या खांद्याचं ॲबडक्शन 80 अंश. दादाच्या मराठी प्रतिज्ञापत्रात ते झालं, 'अर्जदाराच्या उजव्या खांद्याचे अपहरण 80 अंशांपर्यंतच होऊ शकते.'

विमा कंपनीच्या वकिलाने ते सावकाश वाचून दाखवलं आणि विचारलं, "मग उरलेले 100 अंश कोणी पळवले?" सगळं कोर्ट हसलं. रंगारी बिचारा मान खाली घालून उभा, त्याला वाटलं आपल्याच हातून काही चुकलं. आणि दादा काय म्हणाला? "फिजिओचा रिपोर्ट संदिग्ध आहे." घरी आल्यावर वर हे, की तुम्ही लोकांनी कायद्याचा शब्द उसना घेतलात तर घोळ होणारच.

उसना? डोळा बाहेरच्या बाजूला फिरवणाऱ्या सहाव्या मज्जातंतूचं नावच ॲबड्यूसेन्स आहे. त्याच्यावर आजवर कोणी एफआयआर केलेला नाही.

बरं, 'अपहरण' तरी या लोकांना नीट वापरता येतं का? पेपरात किडनॅपिंगही अपहरण आणि ॲबडक्शनही अपहरण. भारतीय न्याय संहितेत दोन वेगळी कलमं आहेत. 137 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलाला पालकाच्या संमतीवाचून त्याच्या ताब्यातून नेणं. मूल आपणहून तयार होतं, ही सबब तिथे चालत नाही. 138 मध्ये वयाचा प्रश्नच नाही, कोणालाही जबरदस्तीने किंवा फसवून एका जागेवरून हलवलं की ॲबडक्शन. आधीच्या भारतीय दंड संहितेत हीच 361 आणि 362 होती. गंमत म्हणजे नुसत्या ॲबडक्शनला स्वतंत्र शिक्षा नाही. खून, खंडणी, जबरदस्तीचं लग्न असा काही हेतू मागे लागतो. हे मी दादाच्याच पुस्तकात वाचलंय. (137 मध्ये भारताबाहेर नेण्याचाही भाग आहे, तिथे वयाची अट नाही. तुमची खरीच केस असेल तर वकील गाठा, मी नव्हे.)

आमच्या बाजूचीही एक मेख सांगायला हवी. आमच्याकडे ॲबडक्शन म्हणजे 'मध्यरेषेपासून दूर', पण ही रेषा सरसकट शरीराची मध्यरेषा नसते. हाताच्या बोटांसाठी मधलं बोट ही रेषा, पायाच्या बोटांसाठी अंगठ्याशेजारचं. म्हणून मधलं बोट कुठल्याही बाजूला नेलं तरी ॲबडक्शनच. आणि ॲबडक्शनमध्ये हाताचा अंगठा तळव्यापासून समोर येतो, बाजूला नाही. ॲडक्शन म्हणजे उलटं, जवळ आणणं. ऐकायला दोन्ही सारखेच, म्हणून आम्ही 'ए-बी' आणि 'ए-डी' असं फोडून बोलतो.

कोर्टाच्या कागदात मराठी लिहायचं तर 'हात बाजूने वर उचलणे' लिहा. अडलंच तर ज्याने मोजलंय त्याला फोन करा. बहीण असेल तर पैसेही पडत नाहीत.

दादा अजून म्हणतो, चूक टायपिस्टची. टायपिस्टला मी विचारलं. त्याने कच्चा मसुदा काढून दाखवला, अक्षर दादाचं.